शिवणाची आवड असणाऱ्याला दिवाळीत काय द्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की माझ्या शिवणक्लासला येणाऱ्या बायकांपेक्षा त्यांच्या घरच्यांचेच फोन जास्त येतात. नवरे, भाऊ, लेकी, एखादी सून. सगळ्यांचा सूर एकच: "मॅडम, तिला सांगू नका, पण काय घेऊ?" दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं. प्रश्न ज्यांचे त्यांच्याच शब्दांत आहेत, नावं तेवढी गाळली आहेत. उत्तरं सोलापूरचा बाजार आणि इथलं हवापाणी धरून आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

दुकानापासून नको, तिच्या डब्यापासून करा. शिवणाऱ्या प्रत्येक घरात एक डबा असतो. वरून बिस्किटांचा, आत बिस्किटं कधीच नसतात. ती बाहेर गेली की तो उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. टेपवरचे पहिले दोन-तीन इंच पुसले गेलेत का? टाचण्या गंजल्यात का? कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलीय का? शिवण उसवायला रिपरऐवजी दाढीचं अर्धं ब्लेड ठेवलंय का? जे झिजलेलं दिसतं तेच ती रोज वापरते, आणि स्वतःसाठी नवं घेत नाही, कारण "चालतंय की अजून". तुमची भेट तिथेच सापडेल.

मग मशीनचे दोन फोटो काढा. एक समोरून, नाव आणि मॉडेल दिसेल असा. दुसरा सुई बसते तिथला, अगदी जवळून. हे दोन फोटो दाखवले की दुकानदाराचे निम्मे प्रश्न मिटतात. डबा मात्र होता तसाच लावून ठेवा. कोणी हात घातलेला तिला लगेच कळतो.

२. बजेट थोडंच आहे. किती रुपयांत काय येतं?

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून ढोबळ सांगते. शंभराच्या आत एखादा बरा टेप, रिपर, सुयांचं पाकीट, खडू, थोड्या बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) असं एकेक येतं. एकटं दिलं तर किरकोळ वाटतं, चार वस्तू एका डब्यात घालून दिल्या तर वर्षभर हाताशी राहतात. दोनशे ते पाचशेत दोऱ्यांचा बॉक्स, काचेच्या डोक्याच्या टाचण्या (प्लॅस्टिकची डोकी इस्त्रीखाली वितळतात, काचेची नाही) किंवा मशीनवर लावायचा छोटा एलईडी दिवा. त्याच्या पुढे गेलात की चांगली कात्री. हजारावर हात सुटत असेल तर मशीनची सर्व्हिसिंग किंवा पाठ टेकता येईल अशी खुर्ची.

मला विचाराल तर दिवा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची चुकलेली टीप रात्री दहा वाजता उसवून बघा, मग पटेल. एवढं असून दिवा कोणीच भेट देत नाही. तो "भेटीसारखा" दिसत नाही ना.

३. कात्री द्यायचं ठरवलंय. कोणती घेऊ?

कापड बेतायला नऊ किंवा दहा इंची. हात लहान असेल तर आठ. बारा इंची कात्री जाड कापडाचे थर कापणाऱ्या टेलरची, घरात तिने मनगट दुखतं. मेरठची कात्री जुनी आणि नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. वजनाला जड असते, पण धार गेली की पुन्हा पुन्हा लावता येते, वर्षानुवर्षं चालते. प्लॅस्टिक मुठीची स्टीलची कात्री हलकी. मनगट किंवा अंगठा दुखणाऱ्या बाईला तीच बरी.

पारख अशी करा. घरून मलमलीचा किंवा अस्तराचा तुकडा न्या. दुकानात कात्री कागदावर चालवून दाखवतात, त्यावर जाऊ नका. कागद कुठलीही कात्री कापते. तुकड्याची दुहेरी घडी घाला, पाती पूर्ण उघडा आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात कापा. टोकाशी कापड चावलं किंवा पात्यांच्या मध्ये दुमडून अडकलं तर ती कात्री ठेवून द्या, कितीही चकचकीत असली तरी. कापताना आवाजही ऐका: चांगल्या कात्रीचा आवाज सलग येतो, मध्येच खरखरत नाही.

ती डावखुरी असेल तर डावखुऱ्यांसाठीचीच कात्री घ्या. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी फाकतात, आणि कापायची रेघही पात्याआड जाते. अशी कात्री दुकानात पटकन मिळत नाही, महिनाभर आधी सांगून ठेवा.

कात्रीबरोबर घरच्यांनी एक वचनही द्यावं: त्या कात्रीने कागद, सेलोटेप आणि दुधाची पिशवी कापायची नाही. माझ्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली आहे. तिचा अर्थ आमच्या घरात पाहुण्यांनाही पाठ आहे.

४. कात्री-सुई भेट देऊ नये म्हणतात ना? सासूबाईंना चालेल का?

रिकामी कात्री वाजवली की भांडणं होतात, दिवेलागणीनंतर सुई कोणाला देऊ नये, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. सुईचं मला तरी पटतं. अंधुक उजेडात हातातून पडलेली सुई पायालाच सापडते. कात्रीवर लोकांनी तोडगाही काढून ठेवलाय: घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक रुपया ठेवायचा. मग ती भेट नाही, विकत घेतलेली वस्तू झाली.

सासूबाई मानत असतील तर वाद घालू नका. सकाळी द्या, हसत रुपया मागा. तरीही त्यांना रुचणार नसेल तर त्यांच्या जुन्या कात्रीला धार लावून आणा. धार लावणं कुठल्याच शास्त्रात निषिद्ध नाही.

५. मशीनच्या सुया सगळ्या सारख्याच असतात ना?

नाहीत, आणि इथेच सगळ्यात जास्त भेटी वाया जातात. आधी सुईचं बूड बघा. घरगुती मशीनच्या सुईचं बूड एका बाजूने सपाट असतं. कारखान्यातल्या आणि काही टेलरिंग मशीनच्या सुईचं बूड पूर्ण गोल. एका मशीनची सुई दुसऱ्यात चालत नाही. प्रश्न १ मधला जवळून काढलेला फोटो यासाठीच, आणि डब्यातली एक जुनी सुई कागदात गुंडाळून नेलीत तर आणखी उत्तम.

मग नंबर. पाकिटावर ७५/११ असे दोन आकडे असतात, एक युरोपातल्या मापाचा, दुसरा आपल्याकडे टेलर बोलतात तो. ९ नंबर शिफॉन-रेशमासारख्या तलम कापडाला, ११ आणि १४ रोजच्या सुती कामाला, १६ जीन्सला आणि जाड कापडाला. टी-शर्टच्या होजिअरीला गोल टोकाची वेगळी सुई लागते, साधी सुई तिथे टाके सोडत जाते. काहीच कळलं नाही तर ११ आणि १४ ची दोन-दोन पाकिटं घ्या, चुकणार नाही. सुई आठ-दहा तासांच्या शिवणानंतर बदलायची असते. आमच्याकडे ती मोडल्याशिवाय कोणी बदलत नाही, म्हणून सुया कितीही दिल्या तरी जास्त होत नाहीत.

६. दोरा कुठल्या रंगाचा घेऊ?

पांढरा, काळा, राखाडी आणि बदामी यांची मोठी रिळं. हे चार रोज संपतात. राखाडी तर कुठल्याही मधल्या रंगात लपतो. पंचवीस रंगांचा बॉक्स दिसतो छान, पण त्यातली रिळं इवलीशी असतात, आणि नेमका तिच्या ब्लाउजचा रंग त्यात नसतो. घ्यायच्या आधी हातभर दोरा ओढून दोन्ही हातांनी झटका द्या. सहज तुटला किंवा बोटाला तूस लागलं तर नको.

७. कापड देऊ का? किती मीटर घ्यायचं?

जरूर द्या, पण आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. लोक मीटर विचारतात आणि पन्हा विसरतात. ४४ इंच पन्ह्यात साध्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं. तेवढंच कापड ३६ पन्ह्याचं असेल तर बाह्यांशी ओढाताण होते. ब्लाउजला ८० सेंटिमीटर ते एक मीटर. काय शिवणार हे माहीत नसेल तर सरळ तीन मीटर घ्या. उरलेल्या कापडाची पिशवी होते, कमी पडलेल्या कापडाचं काही होत नाही.

आपल्याकडे कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे गुळेदगुडचा खण आणि इरकल सहज मिळतं. शिवणाऱ्या बाईला खण म्हणजे पर्वणी. फक्त हातमागाच्या खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा मोजून घ्या आणि थोडा जास्तच घ्या. शिवाय एकट्या खणावर थांबू नका. त्याला जुळणारं सुती अस्तर, त्याच रंगाचं रीळ, काठाला शोभेल अशी दीड-दोन मीटर लेस, हूक नाहीतर बटणं, असं सगळं एकत्र बांधून द्या. कापड पाहिलं की तिचे हात शिवशिवतात, आणि मग अस्तरापायी आठवडाभर अडून राहावं लागतं. तो आठवडा तुम्ही वाचवता.

सुती म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का? कडेचे दोन धागे ओढून घरी, मोरीत, काडीने पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत राख होते. पॉलिस्टर आकसतं आणि टोकाला कडक मणी राहतो. आणि सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आटतो. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. म्हणून भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी कापड देऊन "उद्याच घाल" म्हणू नका.

८. आपली सोलापुरी चादर शिवणाला देता येईल का? हल्ली तिची जॅकेटंही दिसतात.

देता येते, पण तिच्या मशीनला झेपेल का ते बघा. चादर जाड विणीची. दोन थर आणि वर दुमड म्हणजे सुईखाली चार थर येतात. हलक्या प्लॅस्टिक बॉडीचं मशीन तिथे कुंथतं. काळं बिडाचं मशीन आणि १६ नंबरची सुई असेल तर बिनधास्त. चादर कापली की कडेचे धागे भराभर सुटतात, म्हणून कापल्या कापल्या इंटरलॉक (कडेचे धागे बांधणारी शिवण) किंवा पायपिंग (कडेला शिवलेली पट्टी) हवं. नक्षीही आधी बघायची. मोराचं डोकं काखेत आणि पिसारा पाठीवर आलेलं जॅकेट आमच्या क्लासमध्ये एकीने शिवलंय. घालते बिचारी, पण वर ओढणी घेऊन.

टर्किश टॉवेलचं कापड लहान मुलांच्या लाळेऱ्यांना आणि आंघोळीनंतरच्या टोपीच्या टॉवेलला फार छान. त्याचं तूस मात्र बॉबिनच्या घरात साठतं, तेव्हा बरोबर एक छोटा ब्रश द्या. जॅकेटच्या मानाने टॉवेल सोपा, पहिल्यांदा करणारीला मी तोच सांगेन.

९. ऑनलाइन दीडशे वस्तूंचा सेट स्वस्तात दिसतोय. घेऊ?

नको. दीडशेतल्या शंभर तर टाचण्या असतात. कात्री खेळण्यातली, टेप ताणला की लांबतो, दोरा प्रश्न ६ मधली झटक्याची परीक्षा पास होत नाही. त्या पैशात एकच गोष्ट धड घ्या. अपवाद एकच: वसतिगृहात राहणारी भाची, जिला बटण लावण्यापुरतंच शिवण लागतं.

१०. सोलापुरात हे सगळं कुठे मिळेल?

कापड, अस्तर, लेस, बटणं यासाठी नवी पेठ आणि टिळक चौक ते मधला मारुती हा सगळा पट्टा पायी फिरा. गाडी लांब लावा, दिवाळीच्या आठवड्यात तिथे सायकलसुद्धा शिरत नाही. चादर-टॉवेल पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला. हे शहर शाळांच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं. गणवेश शिवणाऱ्या ओळखीच्या कोणाकडून कात्रणं मिळाली तर पिशवीभर मागून घ्या. गोधडीला आणि शिकाऊ हाताला ती सोन्यासारखी. रंग तेवढे निळा, खाकी, पांढरा आणि चौकडा.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो. तिथे लेस, मणी, टिकल्या, पाऊच असलं हौसेचं घ्या. धारेची आणि मापाची वस्तू गर्दीत घेऊ नका. तिथे कात्री तपासायला कोण उभं राहू देणार?

११. बायकोला नवं मशीनच द्यायचंय, सरप्राइज म्हणून. कोणतं घेऊ?

मशीन द्या, सरप्राइज देऊ नका. साडी घेताना तुम्ही पदर उलगडून बघता, मग वीस वर्षं वापरायचं मशीन न चालवता कसं घेता? तिला दुकानात बसवा. घरून जीन्सचा, शिफॉनचा आणि अस्तराचा तुकडा न्या आणि तिन्हींवर टीप मारून बघू द्या.

ठरवायचं असतं ते साधारण असं. सरळ टीप मारणारं काळं, पायाने चालणारं मशीन टिकाऊ, जाड कापडाला न घाबरणारं, आणि लाइट गेली तरी थांबत नाही. जागा मात्र अडवतं. झिगझॅगचं हलकं विजेचं मशीन काज, पिको, थोडं भरतकाम करतं, टेबलावर मावतं, वापरून झालं की कपाटात जातं. पण जाड शिवण त्याला जड जाते. रोज दोन-तीन ब्लाउज शिवणारीला पहिलं, हौसेने मुलांचे फ्रॉक आणि उशांचे अभ्रे करणारीला दुसरं. शंभर नक्ष्यांच्या कॉम्प्युटर मशीनचा मोह आवरा. माझ्या बघण्यातल्या बायका त्यातल्या सात-आठच नक्ष्या वापरतात. दुकानदाराला नक्ष्या किती असं विचारूच नका. सुटे भाग सोलापुरात मिळतात का आणि मेकॅनिक घरी येतो का, हे विचारा.

पाडव्याला ताटात ठेवायला काहीतरी हवंच असेल तर एक बॉबिन छानशा डबीत घालून द्या, बरोबर चिठ्ठी: "मशीन तू निवड, पैसे माझे." आणि जुनं मशीन तिला न विचारता एक्स्चेंजमध्ये देऊ नका. ते बहुधा तिच्या आईचं असतं.

१२. आईचं जुनं मशीन आहे, तेच दुरुस्त करून दिलं तर ती भेट वाटेल का?

माझ्या मते याहून चांगली भेट नाही. आमच्या घरचंच सांगते. माझ्या आईचं मशीन एका डिसेंबरात एकदम जड झालं. सकाळी तर पायडल हलेचना, दुपारी उन्हं आली की जरा सुटायचं. आम्हाला वाटलं म्हातारं झालं. मेकॅनिकने वरची पट्टी उघडली तर आत तपकिरी, डिंकासारखा थर. त्याने बोटाने खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी शाळेत असल्यापासून त्यात खोबरेल तेल घालत होते, डोक्याला लावायचं तेच. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि जुनं झालं की चिकट होऊन बसतं. त्याने सगळे सांधे रॉकेलने धुतले, पुसले, मशीनचं पांढरं पातळ तेल थेंबथेंब सोडलं आणि चाक एका बोटाने फिरवून दाखवलं. आईने नंतर मला कधी तेलाच्या कुपीला हात लावू दिला नाही.

तर सर्व्हिसिंगमध्ये हे करून घ्या: पूर्ण साफसफाई, तेल, चामड्याचा पट्टा नवा, बॉबिन केस तपासून, कापड पुढे सरकवणारे दाते झिजले असतील तर बदलून, पायडलचा आवाज काढून. वेळ मात्र नीट निवडा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मेकॅनिकलाही फुरसत नसते आणि आईलाही मशीन सोडवत नाही. नवरात्राच्या आधी तरी करा, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर. भाऊबीजेला तेलाची कुपी हातात द्या आणि तारीख सांगा, पुरे.

१३. वहिनी घरी ब्लाउज, फॉल-पिको करून देतात. त्यांना शिवणाचीच वस्तू द्यावी का?

जिचं पोट मशीनवर आहे तिला हौसेचं सामान नको. तिच्याकडे सुया-दोरे ठोक भावात आलेले असतात, आणि तुम्ही आणलेला ब्रँड तिला नको असतो. तिला काय हवं असतं? पाठीला टेका, डोळ्यांना उजेड, डोक्याला शांतता. म्हणून खुर्ची, दिवा, शिवलेले ब्लाउज टांगायला स्टँड आणि हँगर, मापं लिहायची जाड पुठ्ठ्याची वही. सणाच्या आधीच्या आठवड्यात एक वेळचा स्वयंपाकाचा डबा नेऊन दिलात तर ती जन्मभर लक्षात ठेवेल.

आणि दिवाळीच्या तोंडावर खणाचं पाकीट नेऊन "तुमच्यासाठीच हो, पण माझाही एक शिवून द्याल ना" असं करू नका. ते गिऱ्हाईक झालं. शिलाई द्यायची आणि रांगेत उभं राहायचं.

१४. आमचे अब्बू टेलर आहेत. ईदला त्यांना काय द्यावं? चाँदरातीपर्यंत दुकानातच असतात.

कात्री सोडून काहीही. जुन्या टेलरची कात्री त्यांच्या हाताच्या वळणाने झिजलेली असते, नवी कितीही भारी असली तरी ते आठवड्यात जुनीवर येतात. दिवसभर उभ्याने कापड बेतणाऱ्या माणसाच्या टाचा आणि कंबर जातात. म्हणून कटिंगच्या टेबलाखाली घालायला जाड रबरी मॅट, नाहीतर मऊ तळव्याच्या चपला. चष्म्याचा नंबर कधी तपासलाय ते विचारा. नव्या नंबरचा चष्मा ही टेलरसाठी खरी ईदी. आणि सगळ्या मोहल्ल्याचे कपडे शिवणाऱ्या माणसाचा स्वतःचा कुर्ता दरवर्षी राहून जातो. या वेळी तो दुसऱ्या टेलरकडून शिवून आणा. नावं ठेवतील, शिवण उलटी करून बघतील, पण घालतील.

१५. आजी सत्तरीच्या पुढच्या, अजून हाताने गोधडी शिवतात. काय घेऊ?

नवं कापड नको. गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंच लागतं. नव्या कापडात सुई अडते आणि पांघरल्यावर ऊबही तशी येत नाही. सगळ्या लेकी-सुना, आत्या-मावश्यांकडून प्रत्येकीची एक जुनी सुती साडी गोळा करा, धुऊन, इस्त्री करून, कोणाची ती चिठ्ठी लावून द्या. आजी कोणाचा काठ कुठे लावायचा याचाच आठवडाभर विचार करत बसतील.

सोबत लांब, मोठ्या नेढ्याच्या सुया, जाड सुती दोऱ्याचे गुंडे, बोटात घट्ट बसणारं अंगुस्तान आणि सुईत दोरा ओवायची ती पातळ तारेची कडी. चार-पाच द्या, कारण ती तार लवकर मोडते. नाहीतर सरळ रोज संध्याकाळी नातवाने दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. आमच्या आजीची हीच पद्धत होती, आणि दहावी सुई झाल्याशिवाय खेळायला सुटका नव्हती.

१६. दहा वर्षांच्या मुलाला शिवण शिकायचंय. खेळण्यातलं मशीन आणू?

मुलगा म्हणून कोणी हसत असेल तर त्याला पूर्व भागातला एखादा कारखाना दाखवा, मशीनवर किती पुरुष बसलेत ते मोजू द्या. खेळण्यातलं मशीन आणू नका. त्याची टीप दोन दिवसांत उसवते आणि पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी लाकडी रिंग, चौकडीचं जाडसर सुती कापड, बोथट टोकाची मोठी सुई, तीन रंगांचे दोरे, मोठी बटणं आणि लहान हाताची कात्री द्या. चौकडीवर धावदोरा सरळ येतो, तीच पट्टी. पहिली वस्तू पेन्सिलची पिशवी असू द्या. मशीन वयाच्या बारा वर्षांनंतर, तेही कोणी मोठं शेजारी बसून.

१७. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस बायका येतील. शिवणातलं वाण काय लुटू?

टेप. प्रत्येक घरात लागतो आणि प्रत्येक घरात वेळेला सापडत नाही. ठोक घेतला तर बजेटमध्ये बसतो. नाहीतर हूक-बटण-सेफ्टी पिनांची छोटी डबी किंवा उरलेल्या खणाचे स्वतः शिवलेले पाऊच. पाऊच शिवायचे असतील तर मार्गशीर्षातच लागा. चाळीस चेनी एका रात्रीत लागत नाहीत, मी लावून बघितल्यात. हळदीकुंकू संध्याकाळी असतं, म्हणून सुया आणि कात्र्या टाळा. कारण प्रश्न ४ मध्ये.

१८. नणंद अमेरिकेत असते, नाताळच्या सुट्टीत येते. तिला शिवणाची फार आवड. इथून काय देऊ?

मशीन, मोटार, दिवा यातलं विजेवर चालणारं काही नको. तिकडे घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. कापड द्या: खण, इरकल, हातमागाचं सुती. वजन कमी आणि तिकडे मिळायला अवघड. पितळी घुंगरू, खणाचे काठ, कवड्या, लाकडी बटणं हेही. कात्री दिलीत तर ती चेक-इनच्या बॅगेत जायला हवी, हातातल्या पर्समध्ये विसरली तर विमानतळावरच राहील. कापड इथेच भिजवून, वाळवून द्या. तिकडे ड्रायरमध्ये गेलं की न आटलेलं सुती पार गोळा होतं.

१९. मागच्या दिवाळीला चांगली कात्री दिली, पण तिने ती कपाटात ठेवलीय. आवडली नाही का?

आवडली, म्हणूनच ठेवली. "चांगल्या कामाला राहू दे" म्हणून. चांगलं काम कधी उजाडत नाही, आणि कात्री खोक्यातच गंजते. रागावून उपयोग नाही. एखाद्या सकाळी तिची जुनी कात्री गुपचूप उचला, स्वयंपाकघरात न्या आणि दुधाच्या पिशव्या कापायला लावा. दोन दिवसांत नवी बाहेर येते. मुठीला चिंधी बांधायला विसरू नका.